पोलीस ठाण्याने आधी काय हाती घ्यावं, हे गावाने कसं ठरवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या पोलीस ठाण्याने नागरिकांची समिती केली आहे आणि तुम्हाला त्यात घेतलं आहे. पुढच्या वर्षभरात पोलिसांनी कशाला प्राधान्य द्यावं हे समितीने सुचवायचं आहे. हद्दीत एक मोठं बाजारगाव, चाळीसेक खेडी आणि मधून जाणारा महामार्ग. पहिल्या बैठकीआधीच मागण्यांची दोन पानं भरली आहेत: सीसीटीव्ही, रात्रीची गस्त, शाळेबाहेरची छेडछाड, सायलेन्सर बदलून फटाके फोडत फिरणाऱ्या बुलेट, बाजारातल्या हातगाड्या, डीजे, मोकाट जनावरं, हातभट्टी, मोबाईलच्या चोऱ्या. यातलं आधी काय आणि ते कशाच्या आधारावर, असं तुम्ही विचारलंय.

मी उपनिरीक्षक म्हणून खात्यात लागलो आणि वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. बरीचशी नोकरी ग्रामीण ठाण्यांत गेली, थोडी शहरात. म्हणून सरळ सांगतो: ही दोन पानं बाजूला ठेवा. ठाण्यात आधीपासून चार प्रकारच्या नोंदी असतात. अदखलपात्र तक्रारी, म्हणजे ज्याला सगळे एनसी म्हणतात, अकस्मात मृत्यू, मिसिंग म्हणजे हरवलेल्या माणसांच्या नोंदी, आणि ११२ या मदत क्रमांकावर आलेले कॉल. निरीक्षकांना विनंती करा की गेल्या तीन वर्षांच्या या नोंदी नावं काढून टाकून, फक्त ठिकाण, वार, वेळ आणि प्रकार एवढ्यावर समितीपुढे मांडाव्यात. नावं समितीने मागायचीही नाहीत, तो लोकांच्या खासगी आयुष्याचा प्रश्न आहे. पण ठिकाण आणि वेळ कळली तरी तुमच्या हद्दीत लोक कशाने मरतात, कोण पुन्हा पुन्हा मार खातं आणि कोण भीतीत जगतं, हे समोर येतं. दर महिन्याच्या क्राईम मीटिंगमध्ये चर्चा होते ती दाखल गुन्ह्यांची आणि उघडकीस आलेल्या गुन्ह्यांची. या चार नोंदी एकत्र ठेवून वाचायला कुणाला सवड नसते. समितीचा खरा उपयोग इथे आहे.

मागण्यांची यादी बाजूला ठेवा म्हणतो, कारण ती यादी बैठकीला येऊ शकणाऱ्यांची असते. व्यापारी येतात, त्यांना हातगाड्या आणि पार्किंग दिसतं. मुख्याध्यापक येतात, त्यांना शाळेचं फाटक दिसतं. मंडळांचे अध्यक्ष येतात, त्यांना मिरवणुकीची वेळ वाढवून हवी असते. यातलं काही खोटं नाही. पण वीटभट्टीवरचा मजूर येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या घराच्या मागे राहिलेली म्हातारी आणि पोरं येत नाहीत. नवऱ्याचा मार खाणारी बाई तर येऊच शकत नाही, कारण बैठक संध्याकाळी सहाला असते आणि तिथे तिचा दीर बसलेला असतो. त्यांच्या वतीने बोलणारी एकच गोष्ट ठाण्यात आहे, ती म्हणजे कधीतरी हिंमत करून त्यांनी केलेली नोंद.

सगळ्यात आधी एनसी घ्या. अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये आहे. त्यामुळे ठाणे अंमलदार तक्रार लिहून घेतो, खाली 'कोर्टात दाद मागण्याची समज दिली' असं लिहितो आणि नक्कल हातात देतो. तक्रारदार घरी जातो, ज्याच्याविरुद्ध तक्रार केली तो वाटेत उभाच असतो. कागदावर काम संपलेलं असतं. आता याच नोंदी पत्त्यानुसार लावून बघा. मारहाण, अपमान आणि धमकीची ३२३, ५०४, ५०६ ही जुनी कलमं, आता भारतीय न्याय संहितेतली ११५, ३५२, ३५१. त्याच कलमांखाली तेच शेत, तेच दोन भाऊ, किंवा तेच घर, तीच बाई, असं दिसायला लागतं. गावात खून झाल्यावर मागचा कागद काढला की बहुतेक वेळा त्या घराची एखादी एनसी सापडते. खून अचानक झाला असं आपण म्हणतो. ठाण्याच्या वहीला त्याची चाहूल आधीच लागलेली असते.

शेताच्या बांधाचं भांडण घ्या. ते बारमाही नसतं. उन्हाळी नांगरट सुरू झाली की बांध कोरला जातो आणि मृगाच्या आधी, पेरणीच्या घाईत, कुऱ्हाडी निघतात. वहीत हे महिन्यांवरून स्पष्ट दिसतं. मग पोलिसांनी जूनमध्ये जखमींचे जबाब घेण्याऐवजी मार्चमध्ये हालचाल करावी. जमिनीच्या ज्या गट नंबरांवर दोनपेक्षा जास्त एनसी आहेत त्यांची यादी करून निरीक्षकांनी तहसीलदारांना द्यावी. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी लवकर लावून घ्यावी. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांना तो मोकळा करण्याचा आदेश देता येतो. हे अनेक शेतकऱ्यांना माहीतच नसतं, ते वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टाच्या फेऱ्या मारतात. दोन्हीकडची माणसं तापलेली असतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली, म्हणजे पूर्वीच्या १०७ खाली, चॅप्टर केस करून शांतता राखण्याचं बंधपत्र घ्यावं. पण बंधपत्र हा शेवटचा उपाय आहे. मोजणीचा दगड रोवला गेला तर निम्मी भांडणं तिथेच शमतात, हे मी जागोजागी पाहिलंय. यात पोलिसांचं काम सगळ्यात कमी आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे: वेळेआधी योग्य खात्याला योग्य यादी पोहोचवणं.

घरातल्या मारहाणीचं काम याहून नाजूक आहे. ११२ वर रात्री दहा ते एकच्या दरम्यान येणारे कॉल वेगळे काढा. गाडी जाते, नवरा प्यायलेला असतो, अंमलदार दोन शब्द सुनावतात, बाई म्हणते 'आता काही नको, जा तुम्ही', कॉल बंद होतो. महिन्याभरात तोच पत्ता परत. मी तुमच्या जागी असतो तर पहिलं प्राधान्य हेच मांडलं असतं: एकाच पत्त्यावरून दुसऱ्यांदा कॉल आला की आठवड्याच्या आत महिला अंमलदाराने दिवसा, साध्या कपड्यांत, नवरा घरी नसताना जाऊन भेटायचं. तिला विचारायचं, तिला कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर द्यायचा, आणि छळाची तक्रार द्यायची असेल तर ती एनसीवर न उरकता दखलपात्र म्हणून घ्यायची, कारण न्याय संहितेचं कलम ८५ तेच आहे जे पूर्वी ४९८-अ होतं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसते, ही कल्पना तिथून रुजली आणि पुढे राज्यभर पसरली. तुमच्या जिल्ह्यात असा कक्ष किंवा भरोसा सेल कुठे आहे, तिथपर्यंत जायला बसभाडं किती लागतं आणि तिथे सोमवारी कोणी असतं का, एवढं समितीतल्या महिलांनी स्वतः जाऊन बघून यावं. कागदावर कक्ष असणं आणि बाईला तिथे पोहोचता येणं यात पुष्कळ अंतर असतं.

एक धोक्याची सूचना. किती जोडप्यांत समेट झाला हा आकडा यशाचं माप म्हणून कधीही धरू नका. समेटाचा आकडा मागितला की समेट मिळतात. बाई परत त्याच घरात जाते आणि आपण टाळ्या वाजवतो. त्याच पत्त्यावरून परत कॉल आला का, हे विचारा.

आता अकस्मात मृत्यू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात २०२२ मध्ये सुमारे २,३०० खून झाले. त्याच वर्षी राज्यातल्या रस्त्यांवर १५,००० हून अधिक माणसं गेली. सहापटीहून जास्त. तुमच्या हद्दीतून महामार्ग जातो म्हणजे हे प्रमाण तुमच्याकडे आणखी विषम असण्याची शक्यता आहे. तरीही मागण्यांच्या दोन पानांत अपघात हा शब्द नाही. अपघाताला आपण नशिबाच्या खात्यावर टाकतो, म्हणून तो कुणी पोलिसांकडे मागत नाही.

रस्त्यावरचे मृत्यू विखुरलेले नसतात. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० जण दगावले, तर तो ब्लॅक स्पॉट. पण १० जण दगावेपर्यंत थांबायचं कशाला? तुमच्या ठाण्याच्या नोंदी गावाच्या नकाशावर टिकल्या लावून बघा. फाट्यावरचं दुभाजक फोडून केलेलं वळण, ढाब्यासमोर उभे राहणारे ट्रक, शाळेच्या वेळेला मुलं रस्ता ओलांडतात ती जागा, अशी तीन-चार ठिकाणं उठून दिसतील. साखर पट्ट्यात असाल तर महिन्यांवरूनही दिसेल. गाळप हंगाम सुरू झाला की रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात आणि दुचाकीवाला मागून उसात घुसतो. इथे उपाय कारखान्याच्या गेटवर आहे. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घ्यायची नाही, असं कारखान्याने ठरवलं तर दोन हवालदारांना महिनाभर रस्त्यावर उभं करून होणार नाही एवढं काम आठ दिवसांत होतं. निरीक्षकांनी हंगामाआधी कारखान्यात बैठक घ्यावी आणि समितीने त्या बैठकीला हजर राहावं. रस्त्याच्या रचनेतला दोष असेल तर पोलिसांचा अहवाल आणि समितीचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीकडे जोडून पाठवा. नुसतं पोलिसांचं पत्र फायलीत जातं. लोकांचा ठराव सोबत असला की बांधकाम विभागाला उत्तर द्यावं लागतं.

याच वहीत आणखी एक गोष्ट सापडेल, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं: शेततळी. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्याला शेवाळ धरलेलं, उतार घसरडा. पोर पाय धुवायला उतरतं, त्याला वाचवायला दुसरं उतरतं, आणि दोन्ही जातात. पोलीस पंचनामा करतात आणि विषय संपतो. तळ्याभोवती कुंपण आणि आत गाठी मारलेला दोर एवढ्याने हे टळतं. कृषी सहायक, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी एका उन्हाळ्यात आपल्या गावातल्या तळ्यांची फेरी मारली तर पुरे. हे पोलिसांचं काम नाही असं कोणी म्हणेल. मृतदेह बाहेर काढायला पोलिसच जातात, म्हणून ते आधी सांगण्याचं कामही त्यांचंच आहे, असं मी मानतो.

मिसिंगबद्दल थोडक्यात. १८ वर्षांखालचं मूल हरवलं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर थेट अपहरणाचा गुन्हा दाखल होतो, त्यामुळे ती नोंद तुम्हाला गुन्ह्यांत मिळेल. मिसिंगमध्ये उरतात मोठी माणसं, आणि त्यांत तरुण मुली व विवाहित बायका बऱ्याच असतात. 'पळून गेली' म्हणून गाव विषय मिटवतं. त्यांतल्या कितीजणी घरी सुखरूप परत आल्या आणि कितींचा अजून पत्ता नाही, हे दर तीन महिन्यांनी विचारत राहा. प्रश्न विचारला जातोय हे कळलं की शोधही लागतो.

गस्तीबद्दल तुमच्याकडे सगळ्यात जास्त आग्रह दिसतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये पोलिसांनी काही भागांत गाड्यांची गस्त बंद केली, काही भागांत वाढवली, काही ठिकाणी तशीच ठेवली. वर्षभराने बघितलं तर गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत म्हणावा असा फरक नव्हता. नंतर १९८९ मध्ये मिनियापोलिस शहराच्या कॉलचा अभ्यास छापून आला. शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून पोलिसांना येणारे निम्मे कॉल येत होते. हे दोन्ही निष्कर्ष आपल्याकडच्या बीट हवालदाराला कुणी शिकवलेले नसतात, पण अनुभवी हवालदाराला ते अंगवळणी असतात. आपल्या बीटात एसटी स्टँडचा मागचा कोपरा, सरकारी दवाखान्याचं पार्किंग आणि आठवडी बाजाराची एक गल्ली सांभाळली की दुचाकी आणि मोबाईलच्या बऱ्याच चोऱ्या थांबतात, हे तो तुम्हाला चहा पिता पिता सांगेल. म्हणून 'गस्त वाढवा' असा ठराव करू नका. गाडी रात्रभर चाळीस गावांत दिवे लावून फिरते, डिझेल जळतं, आणि चोरी होते ती भर दुपारी दवाखान्यासमोर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ठराव असा करा: अमुक दोन ठिकाणी, अमुक वारी, अमुक वेळेत, पायी पोलीस हवा.

सीसीटीव्हीचं दोन वाक्यांत. लोकवर्गणीतून कॅमेरे लागतात, उद्घाटन होतं, आणि वीजबिल, इंटरनेट व दुरुस्तीची तरतूद नसल्याने काही महिन्यांत बंद पडतात. नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात देखभालीची तरतूद होत असेल तरच तो विषय घ्या, नाहीतर पुढच्या वर्षावर टाका.

आकड्यांच्या बाबतीत समितीने एक पथ्य पाळायलाच हवं. 'गुन्हे कमी करून दाखवा' असं पहिल्या वर्षी कधीही म्हणू नका. गुन्हा कमी करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तो लिहून न घेणं, आणि खात्यात त्याला बर्क करणं म्हणतात. मोबाईल चोरीला गेला तरी 'गहाळ झाला' असा दाखला देतात. घरफोडीत गेलेल्या ऐवजाची किंमत कमी लावतात. मारहाणीत दात पडला तरी एनसी होते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं. नव्या संहितेत तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण त्याबाहेर टाळाटाळीला जागा नाही. तुमच्या ठाण्याने प्रामाणिकपणे गुन्हे नोंदवायला सुरुवात केली तर पहिल्या वर्षी आकडा वाढेल. त्या वेळी वर्तमानपत्रात 'गुन्हेगारीत वाढ' अशी बातमी येईल, वरून निरीक्षकांना विचारणा होईल, आणि त्या वेळी समिती त्यांच्या पाठीशी उभी राहिली पाहिजे. हे आधीच ठरवून, लिहून ठेवा. माझ्या माहितीतले चांगले अधिकारी आकड्याच्या या एका धाकापायी हळूहळू बर्क करायला शिकले, आणि त्याची किंमत तक्रारदारांनी मोजली.

हातभट्टीबद्दल महिला प्रत्येक बैठकीत बोलतील आणि त्यांचं बरोबर आहे. दारूबंदी कायद्याच्या ६५ (ई) खालच्या छाप्यांचा आकडा तुम्हाला अभिमानाने सांगितला जाईल. तुम्ही विचारा की यात वेगवेगळी माणसं किती. त्याच दोघांवर वर्षातून दहा केस झाल्या असतील तर पोलिसांचा वेळ गेला आणि भट्टी चालूच राहिली. अशा माणसाकडून त्याच कायद्याच्या कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यावं, ते मोडलं तर रक्कम वसूल करावी, आणि तरीही ऐकत नसेल तर तडीपारी किंवा १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्धतेचा प्रस्ताव पाठवावा. सगळ्या हद्दीत थोडे थोडे छापे मारण्यापेक्षा ज्या दोन-तीन गावांतून रात्रीचे ११२ चे कॉल सगळ्यात जास्त येतात, तिथली भट्टी आधी पूर्ण बंद करा. २०१६ च्या दुरुस्तीने ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली आहे, ग्रामसभेतून ते करता येतं. मात्र महिलांना पुढे करून मागे कोणी नाही असं होऊ देऊ नका. भट्टीवाल्याचे लागेबांधे गावातच असतात.

आता अशी एक गोष्ट जी कोणत्याही वहीत नसते. समितीत कोण बसतं यावरून गाव शांत राहतं की पेटतं हे ठरू शकतं. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भयानक दंगली झाल्या होत्या. १९८८ च्या सुमारास उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी माणसं होती, दोन्ही धर्मांची, आणि ती पोलिसांबरोबर नियमित बसायची, पाणी-नळापासूनच्या भांडणांवर बोलायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या शांतता समित्या मात्र गणपती आणि मोहरमच्या आधी एकदा बसतात, तेच चेहरे, तीच भाषणं. संकटाच्या रात्री फोन उचलणारी माणसं अशी तयार होत नाहीत. तुमच्या समितीत निदान निम्मी माणसं कोणत्याही पक्षाची किंवा मंडळाची पदाधिकारी नसावीत: एखादी आशा सेविका, एसटीचा कंडक्टर, मेडिकलवाला, हमालांचा मुकादम.

आणि पालावरचा माणूस. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते. व्हॉट्सॲपवरची अफवा आणि अनोळखी माणसाबद्दलचा संशय, एवढंच पुरलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं त्यांचा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की गाडी आधी पारध्यांच्या पालाकडे वळते आणि गावालाही तेच हवं असतं. तुमच्या समितीत कुणी 'बाहेरच्या लोकांवर नजर ठेवा' हे प्राधान्य म्हणून मांडलं तर ते ठामपणे नाकारा. त्याऐवजी असं मांडा: हद्दीत पाल पडलं की पोलीस पाटलाने जाऊन भेटायचं, नावं-गावं विचारून घ्यायची, त्यांना ठाण्याचा नंबर द्यायचा, आणि गावाच्या ग्रुपवर टाकायचं की हे अमुक लोक अमुक कामासाठी आले आहेत. अफवेला उत्तर द्यायला खरी माहिती आधी पोहोचलेली असावी लागते. जमाव जमल्यावर पोलीस निघाले तर ते वरातीमागून घोडं होतं.

तंटामुक्तीची आठवण तुमच्या गावातली जुनी माणसं काढतील. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला ती मोहीम सुरू झाली, आणि बांधाच्या, भाऊबंदकीच्या वादांत तिने खूप चांगलं काम केलं. पण बक्षिसाच्या ओढीने काही गावांत अत्याचाराच्या आणि जातीय छळाच्या तक्रारीही मिटवण्याचा दबाव आला, हे मी जवळून पाहिलंय. लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे, बलात्कार, ॲट्रॉसिटी यांत गावाने तडजोड घडवायचा प्रश्नच येत नाही. पोक्सोमध्ये तर माहिती लपवणं हाच गुन्हा आहे. समितीच्या पहिल्या पानावर हे लिहा. तसंच कुणाला अटक करा, कुणाला सोडा, तपास कोणाकडे द्या, यावर समितीने एक शब्द बोलायचा नाही. तो निरीक्षकांचा आणि कोर्टाचा अधिकार आहे, आणि समितीने त्यात हात घातला की ती दोन महिन्यांत एका गटाचं हत्यार बनते.

आता किती प्राधान्यं घ्यायची? तीन. याहून जास्त घेतली तर एकही होणार नाही, कारण माणसं नाहीत. कागदावर मंजूर पदं वेगळी आणि सकाळच्या हजेरीला उभी राहणारी माणसं वेगळी. त्यातून कोर्ट पैरवी, समन्स-वॉरंट, आरोपींची ने-आण करणारी आरोपी पार्टी, रजा, आणि मग बंदोबस्त. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आणि निवडणुकीच्या काळात ठाणं जवळजवळ बंदोबस्तावरच असतं. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला तेव्हा सगळ्यांना त्याचं अप्रूप वाटलं, यावरून बाकीच्या ठिकाणी काय चालतं ते समजा. निरीक्षकांना विचारा, रोज सरासरी किती माणसं मोकळी मिळतात. त्यांनी खरं उत्तर दिलं तर त्यावरच पुढचं सगळं बांधा, आणि बंदोबस्ताचे महिने वगळून बांधा.

तुमच्या वर्णनावरून, नोंदी न पाहता, माझा कल असा आहे: एक, पुन्हा पुन्हा कॉल येणारी घरं आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या दोन-तीन भट्ट्या. दोन, महामार्गावरची जीवघेणी ठिकाणं. तीन, पेरणीपूर्वी बांधाचे वाद. नोंदी वेगळं सांगत असतील तर नोंदींचं ऐका. शाळेबाहेरची छेडछाड नोंदीत फारशी दिसणार नाही, कारण मुली सांगत नाहीत, सांगितलं तर शाळाच सुटते. म्हणून तेवढ्यासाठी एखाद्या शिक्षिकेने नावं न घेता मुलींशी बोलून, कोणत्या वाटेवर, कोणत्या बसच्या वेळेला त्रास होतो ते लिहून आणावं. तिथे महिला पोलिसांचं दामिनी पथक पाठवायला फार माणसं लागत नाहीत.

बाकीच्या मागण्यांना नाही म्हणा, पण नाव घेऊन म्हणा. हातगाड्या आणि मोकाट जनावरं नगरपंचायतीकडे लेखी पाठवा. डीजेसाठी रात्री दहाची मर्यादा कायद्यात आहेच, ती सणांच्या दिवसांत पाळून घ्या, वर्षभराचा विषय करू नका. बुलेटवाल्यांसाठी आरटीओबरोबर दोन दिवसांची मोहीम पुरते. सायबर फसवणुकीसाठी पोलिसांच्या वेळेपेक्षा लोकांच्या डोक्यात १९३० हा नंबर असणं महत्त्वाचं आहे. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. बँकेच्या शाखेत आणि पेन्शनरांच्या कट्ट्यावर तो लावा.

दर तीन महिन्यांनी अर्ध्या पानाचं इतिवृत्त करा. त्यात तेच तीन विषय, त्या त्या ठिकाणच्या नोंदींत काय बदल झाला, आणि कुणी काय करायचं कबूल केलं होतं ते झालं का, एवढंच. सोबत एक प्रश्न कायम ठेवा: तक्रारदारांना ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवली का? नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये ते बंधनकारक आहे आणि लोकांचा पोलिसांवरचा बराचसा राग फक्त काहीच न कळवल्यामुळे असतो.

आणि हे इतिवृत्त ठाण्याच्या कपाटात एकच प्रत म्हणून राहू देऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२-न प्रमाणे निरीक्षकाचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा असतो, आणि प्रत्यक्षात तो बऱ्याचदा त्याआधीच संपतो. नवे साहेब येतात, त्यांची स्वतःची यादी असते, आणि समिती पुन्हा शून्यावर येते. एक प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे पाठवा, एक तहसीलदारांकडे, आणि प्रत्येक गावाची माहिती त्या गावच्या पोलीस पाटलाकडे द्या. पोलीस पाटलाची बदली होत नाही. नवे निरीक्षक हजर झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात सत्काराऐवजी हे कागद घेऊन त्यांना भेटा, आणि सोबत ज्या हवालदाराने आधीच्या वर्षी ही कामं केली त्यालाही घेऊन जा.